रागसमयानुसार प्लेलिस्ट कशा तयार कराव्यात?

मारवा:
माझ्या संग्रहात सुमारे 14,000 फायली आहेत. निम्म्याहून अधिक ख्यालगायन आहे, उरलेले नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीते. काही सीडींवरून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या स्वरूपात) घेतलेले आहे, तर काही मैफलींच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेले. फोल्डर गायकांच्या नावांनी आहेत, मात्र ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले नाव असे एकाच गायकाचे तीन कप्पे झाले आहेत. मला सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा रागसमयानुसार, म्हणजे राग गाण्याच्या पारंपरिक वेळेनुसार, प्लेलिस्ट हव्या आहेत. सकाळची यादी हाताने केली होती, परंतु संग्रह दुसऱ्या हार्ड डिस्कवर हलवताच तिच्यातले एकही गाणे वाजेनासे झाले. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खर्ज:
यादी बंद पडण्याचे कारण साधे आहे. एम३यू प्रकारची प्लेलिस्ट म्हणजे फायलींचे पत्ते लिहिलेली मजकुराची फाइल. पत्ता बदलला की ती निरुपयोगी होते. म्हणून माहिती प्लेलिस्टमध्ये न ठेवता प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतच साठवलेल्या गायक, प्रकार अशा नोंदींमध्ये) ठेवावी आणि प्लेलिस्ट नियमांवरून आपोआप बनू द्यावी. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी म्युझिकबीमध्ये ऑटो-प्लेलिस्ट, फूबार२०००मध्ये ऑटोप्लेलिस्ट आणि ॲपलच्या म्युझिकमध्ये स्मार्ट प्लेलिस्ट या नावांनी ही सोय आहे.

आधी एमपी३टॅगसारख्या प्रोग्रॅमने गायकांची नावे एकसारखी करा. अनेक फायली एकत्र निवडून नाव एकदाच लिहिता येते. त्यानंतर टॅगमध्ये राग आणि प्रहर यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठरवा. प्रहर वेगळा लिहिण्याचा कंटाळा करू नये. केवळ रागाच्या नावावरून नियम केला तर ‘तोडी’ असे शोधल्यावर गुजरी तोडी, बिलासखानी तोडी असे सारे प्रकार हाती येतात, आणि ते सकाळचेच असल्यामुळे तिथे काही बिघडत नाही. परंतु ‘कल्याण’ असे शोधल्यास संध्याकाळचा शुद्ध कल्याण येईल, पण नावात ‘कल्याण’ नसल्यामुळे संध्याकाळचाच यमन मात्र सुटेल. भैरवी तर परंपरेने सकाळची, पण मैफलीच्या शेवटी कोणत्याही वेळी गायली जाते. तिची वेगळी यादी केलेली बरी. मल्हाराच्या प्रकारांना प्रहराऐवजी ‘वर्षा’ आणि बहार, बसंत यांना ‘वसंत’ अशी खूण मी करतो.

तबकडीप्रेमी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, एक भर घालतो. सीडीवर विलंबित (संथ लयीतला, म्हणजेच बडा) आणि द्रुत (जलद लयीतला) ख्याल पुष्कळदा वेगळ्या ट्रॅकमध्ये असतात. अशा यादीवर शफल (क्रम बदलून वाजवणे) लावल्यास बडा ख्याल संपल्यावर त्याच रागाच्या द्रुत बंदिशीऐवजी भलत्याच गायकाचा तराणा सुरू होतो आणि सगळा रंग जातो. फूबार२०००मध्ये अल्बमनुसार शफल करता येते, तेच वापरावे. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरील गाणी असतील, तर लांबी चार मिनिटांपेक्षा कमी एवढ्या एका नियमावर त्यांची बरीचशी यादी तयार होते. अर्थात भावगीतेही त्याच लांबीत बसतात, म्हणून प्रकाराच्या रकान्यात ‘ख्याल’ ही अट जोडावी लागते.

मारवा:
दोघांचेही आभार. हे टॅग आपोआप भरता येतील का? आणि गाडीत पेनड्राइव्हवर या याद्या कशा न्याव्यात?

खर्ज:
म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम ध्वनीच्या ठशावरून ट्रॅक ओळखतो, त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या सीडींचे काम बरेच हलके होते. खाजगी मैफली त्याला ओळखता येणार नाहीत. तिथे कान आणि कॅसेटच्या वेष्टनावरचा मजकूर हाच आधार. मोठे बदल करण्यापूर्वी संपूर्ण संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

पेनड्राइव्हसाठी तयार यादी एम३यू८ स्वरूपात निर्यात करा. हे स्वरूप यूटीएफ-८ या सर्व लिप्यांना चालणाऱ्या अक्षर-संकेतात असल्याने देवनागरी नावे बिघडत नाहीत. पत्ते सापेक्ष, म्हणजे यादीची फाइल जिथे आहे तिथपासून मोजलेले, ठेवा; मग ड्राइव्हचे अक्षर बदलले तरी यादी चालते. गाडीतल्या काही यंत्रांना देवनागरी मुळीच वाचता येत नाही, तर काहींना फ्लॅक वाजवता येत नाही. म्हणून आधी पाच-सहा फायलींवर चाचणी घ्या आणि मगच सगळे भरा.