प्रति: पद्मिनीचा नवा कॅम सहा महिन्यांत गेला
अहो, तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा नवा कॅम (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सहा महिन्यांत गेला म्हणताय, आणि टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा छोटा तुकडा) सेट करूनही टिकटिक परत येतेय ना, मग लोबच, म्हणजे कॅमवरचा उंचवटाच घासलाय समजा. माझ्या पद्मिनीचं इथे इंदुरात हेच झालं, पुशरॉडवर (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारी काडी) डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावलं तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे उचल, बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर कमी! टॅपेट काढून बुडाला पट्टी लावून बघा, मधे किंचित फुगीर हवं, माझं वाटीसारखं खोल झालेलं, म्हणजे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतच नव्हता. मिस्त्रीने नव्या कॅमवर जुनेच टॅपेट टाकलेले (पैसे वाचतील म्हणून मीच हो म्हणालो होतो). आता कॅम आणि टॅपेट दोन्ही नवे घ्या, मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारं वंगण) चोपडा आणि स्टार्ट झाल्यावर आयडलिंगवर अजिबात सोडू नका, २००० आरपीएमवर २० मिनिटं. ऑइल झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस जास्त असलेलंच, नव्या गाड्यांच्या ऑइलमधे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपायी (धूर स्वच्छ करणारा भाग) ते कमी केलेलं असतं.