परड्यातली पाखरं आणि आपली कामं : तुमच्याकडे कोण गातं?

शिमगा झाला की आमच्याकडे दयाळ सुरू होतो. थंडीभर हा पठ्ठ्या जवळजवळ मुका, फार तर शेपटी उडवत ‘चर्र’ करून कुंपणावरून जाणार. आणि आता शेजारच्यांच्या जुन्या अँटेनाच्या टोकावर बसून पहाटे जे लावतो ते उजाडेपर्यंत. नेमकी तीच माझी बंब पेटवायची वेळ. घरात गिझर आहे, पण सासूबाईंना बंबाचंच पाणी लागतं (आता मलाही, पण हे त्यांना सांगू नका). शेणी धरेपर्यंत तिथं उभं राहावं लागतं, तेवढ्यात त्याच्या दहा तऱ्हा ऐकून होतात. मध्येच बुलबुलाची नक्कल सुद्धा करतो.

तर लिहा. परडं, गच्ची, बाल्कनी, काहीही चालेल. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी हरकत नाही, पण कुठलं काम करताना ऐकता ते मात्र लिहा.

बावडेकरीण :
वाकळा! पाडव्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायच्या म्हणजे कमरेचा काटा ढिला. पूर्वी पंचगंगेला न्यायचो, आता हौदावरच बडवतो. गेल्या साली एक वाकळ उसवलेली होती, तशीच दोरीवर टाकली. तर बोटभर पाखरू आलं, शेपटी ताठ, डोक्यावर तांबूस टिळा, आणि लोंबणारं सूत चोचीनं ओढाय लागलं. शिंपी. एवढासा जीव, पण ‘टुविट टुविट’ करून परडं डोक्यावर घेतो. मग जास्वंदीत घरटं सापडलं. लांबूनच बघितलं. पानाच्या कडेला भोकं पाडून त्यातनं सूत ओवलेलं, आणि बाहेरच्या अंगाला सुताचं टोक पिंजून फुगवलेलं, म्हणजे टाका निसटत नाही. आतल्या बाजूला कोळ्याचं जाळं पण वापरलेलं. माझी उभी हयात वाकळा शिवण्यात गेली, पण एवढा बारीक टाका मला न्हाई जमायचा. ती वाकळ आत्याबाईंनी पुढं आठवडाभर दोरीवरनं काढू दिली नाही.

रात्रपाळी :
सगळी कौतुकं चाललीत, आता माझं ऐका. शिरोलीला फौंड्रीत आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, मंडळी ड्युटीला जातात, भांडी माझ्या वाट्याला. भांडी घासताना कोकीळ बरा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण अंग टाकलं की तोच आवाज डोक्यात जातो. एकेक ‘कुहू’ वरच्या पट्टीत नेत नेत थांबतो, वाटतं झालं आता, तर दुसऱ्या आंब्यावरचा सुरू. ही बया गप्प कधी बसते?

धागाकर्ती :
भावा, ती बया नव्हे, तो बाबा आहे. गातो तो काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, तिचं नुसतं ‘किक्-किक्-किक्’. कावळ्याची घरटी होईपर्यंत त्याचा जोर राहणार, कारण अंडी तिथंच घालायची असतात. पावसाळा सरेपर्यंत कानात कापूस घाला.

मिरचीवाले आजोबा, फुलेवाडी :
निवृत्त झाल्यापासून वर्षाच्या चटणीची मिरची माझ्याकडं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, मग देठं मोडायची, मगच डंकावर न्यायची. गच्चीवर देठं मोडत बसलो की शेवग्यावर तांबट सुरू होतो. टुक टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखं. मी घड्याळ लावून मोजलंय, मिनिटाला शंभराच्या वर जातात. गंमत म्हणजे चोच उघडत नाही. गळ्याखालची कातडी फुगते आणि बसते, आणि तो मान इकडून तिकडं वळवत राहतो, त्यामुळं आवाज कुठून येतोय ते कळतच नाही. हिरव्या पानात हिरवं पाखरू, कपाळावर तेवढं कुंकू. भर दुपारी बाकीची पाखरं गप असतात, तेव्हा हा एकटा चालू. शेवग्याची एक वाळकी फांदी मुलगा तोडायला निघाला होता, तोडू दिली नाही. तांबट असल्या फांदीलाच खालच्या अंगानं भोक पाडून घर करतो. मिरचीनं हात भगभगतात, खोड जात नाही.

सागरमाळवाला :
आमच्याकडं मोर. विद्यापीठाच्या आवारातले, ओरडले की इथवर ऐकू येतं. केर काढताना. गाणं म्हणवत नाही त्याला.

आता पुण्यात :
सातव्या मजल्यावर नुसते पारवे. बाल्कनी धुवायची आणि शिव्या द्यायच्या, एवढंच आमचं पक्षीनिरीक्षण. पण आई कळंब्याला असते. सकाळी फोन केला की ती अंगणात सडा टाकत असते आणि मागं भारद्वाज ‘हुप हुप हुप’ घुमत असतो. दिसला तर फोन तसाच कट्ट्यावर ठेवून बघायला जाते, शुभ असतो म्हणून. मी इकडं हॅलो हॅलो करत बसतो.

राजारामपुरी, गल्लीचा नंबर विचारू नका :
एक अडचण आहे. धुणं वाळत घालते तिथंच स्कूटर असते. एक काळानिळा चकचकीत, वाकड्या चोचीचा इवला पक्षी रोज आरशाला टोचा मारतो. चिवचिव इतकी की भांडणच चाललंय. इजा होईल का त्याला?

धागाकर्ती :
शिंजीर, नर. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर चालत नाही, आणि आरशात तोच दिसतो. दमतो बिचारा. स्कूटर उभी असेल तेव्हा आरसे झाकून ठेवा.

राजारामपुरी, गल्लीचा नंबर विचारू नका :
दोन्ही आरशांना मोजे घातलेत. एक शाळेचा, एक ह्यांचा. दूधवाला विचारत होता, स्कूटरला थंडी वाजते का.