कॅपकॉमच्या खेळांतले पाहुणे : तुमचे अनुभव लिहा

मंडळी,

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीचं नाव ठाऊक नसेल, पण नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाणाऱ्यांनी तिचे खेळ नक्की खेळलेत. १९९१ चा स्ट्रीट फायटर २ सगळ्यांना आठवतो. मला मात्र जास्त ओढ आहे ती कॅपकॉमने दुसऱ्यांची पात्रं बोलावून आपल्या पात्रांसमोर उभी केली त्या खेळांची. अमेरिकी मार्व्हल कॉमिक्सच्या पात्रांबरोबरचे १९९६ चा एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर आणि १९९८ चा मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम, पुढे एसएनके या प्रतिस्पर्धी जपानी गेम कंपनीबरोबरचे सामने, अलीकडे मॉन्स्टर हंटर या कॅपकॉमच्याच शिकारीच्या खेळात येणारे पाहुणे. माझं ठाम मत आहे की पाहुण्याचा स्वभाव जपायला या कंपनीइतके कष्ट कुणी घेतले नाहीत. एक्स-मेनमधला वुल्वरिन स्ट्रीट फायटरच्या रियूच्या शेजारी उभा राहिला तरी अंगावर धावून ओरबाडतच लढतो, मॅग्नेटो हवेत तरंगत लांबून मारतो. तुमची अशा खेळांशी गाठ कुठे पडली आणि काय लक्षात राहिलं, ते सविस्तर लिहा.

सह्यकडा
आमच्या तालुक्याला एसटी स्टँडमागे पार्लर होतं. तिथे ज्या मशीनभोवती सगळ्यात जास्त पोरं, तो "मुस्तफावाला गेम". खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, साल १९९३. हा खेळ मार्क शुल्ट्झच्या झेनोझोइक टेल्स या अमेरिकी कॉमिकवरून केलाय, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. म्हणजे आमच्या गावात अमेरिकी चित्रकाराची कथा जपानी कंपनीच्या मशीनमधून आली, आणि तिच्यात आम्ही निवडला तो मुस्तफा! जॅक, हॅना, मेस हे तिघेही होते, पण मुस्तफासाठी भांडणं व्हायची. तो चपळ, आणि धावत येऊन मारलेली त्याची लाथ एका रांगेतले सगळे आडवे करायची. तिघांना एकत्र खेळता यायचं, त्यामुळे एक कॉईन असलेलाही दोन अनोळखी पोरांच्या डावात शिरायचा. पुढे मी ज्यांच्याबरोबर कॉलेज केलं त्यातला एक मला तिथेच भेटला.

अजून एक सांगतो. त्यात डायनोसॉर खलनायक नाहीत. खलनायक त्यांचे शिकारी आणि त्यांच्यावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ. डायनोसॉर पिसाळले की अंगावर येतात, एरवी नाही. मारामारीच्या खेळात एवढा विचार केलेला असतो हे तेव्हा जाणवलं नव्हतं, आता फार भावतं. घरच्या कन्सोलवर हा खेळ त्या काळात कधीच आला नाही. ज्याने खेळला त्याने पार्लरमध्येच.

निळीशाई
सह्यकडा, त्याच वर्षीचा पनिशर खेळलात का? तो मार्व्हलच्या कॉमिकवरून केलेला. एक जण पनिशर, दुसरा निक फ्युरी. समोर बंदूकवाले आले की हे दोघेही आपोआप पिस्तूल काढायचे. माझा मामा आणि मी एवढा एकच खेळ शेवटच्या बॉसपर्यंत नेला.

डोंबिवलीफास्ट
पार्लरमध्ये एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर बघितला तेव्हा सगळ्यात भारी वाटलं ते मधेच जोडीदार बदलणं. एक्स-मेनचा सायक्लॉप्स मार खायला लागला की बटणं दाबून स्ट्रीट फायटरच्या केनला आत आणायचा. घरी प्लेस्टेशनवर लावला तर लढत चालू असताना जोडीदार बदलताच येईना! कारण मेमरी. चार पात्रांची सगळी चित्रं एका वेळी मावण्याइतकी रॅम प्लेस्टेशनमध्ये नव्हती. सेगा सॅटर्न या दुसऱ्या कन्सोलला जपानमध्ये ४ एमबी मेमरीचं वेगळं कार्ट्रिज मिळायचं, म्हणून तिथे अदलाबदल शाबूत राहिली. मी आज हार्डवेअरचं काम करतो. मेमरी म्हणजे काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा या खेळाने पाडला.

मडगांवची_मीरा
आमच्याकडे मुली पार्लरमध्ये जात नसत. दारात उभं राहिलं तरी सगळे वळून बघायचे. माझ्यापर्यंत हे जग आलं ते आखातात नोकरी करणाऱ्या काकांनी ड्रीमकास्ट हा घरचा कन्सोल आणला तेव्हा, सोबत मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २. छप्पन्न पात्रं! पण सुरुवातीला बरीच कुलुपात, खेळून गुण जमवायचे आणि एकेक सोडवायचं. आम्ही भावंडं सुट्टीत पाळ्या लावून गुण जमवायचो. माझी जोडी ठरलेली, स्टॉर्म आणि चुन-ली. तिसरं पात्र भाऊ सुचवेल ते. धाकट्याला स्ट्रीट फायटरमधला धालसिम हवा असायचा, कारण तो भारतीय. मला त्याच्या गळ्यातल्या कवट्या तेव्हाही खटकायच्या, पण जगभरच्या त्या गर्दीत आपल्याकडचा एक जण आहे याचं अप्रूपही होतंच. आणि ते जॅझ संगीत! मारामारीला असलं संगीत लावायचं कुणाला सुचलं असेल?

तळटीप
एसएनकेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन्ही कंपन्या ओसाकाच्या. १९८७ चा पहिला स्ट्रीट फायटर दिग्दर्शित करणारे ताकाशी निशियामा पुढे एसएनकेत गेले आणि तिथे फेटल फ्युरी घडवला. एसएनकेच्या आर्ट ऑफ फायटिंगमधला र्यो बराचसा रियूसारखा दिसायचा, त्यावर कॅपकॉमने डॅन नावाचं विडंबन उभं केलं. इतकी चुरस असताना २००० साली कॅपकॉम व्हर्सेस एसएनके आला. मी तेव्हा शिकत होतो, आणि रियू विरुद्ध फेटल फ्युरीचा नायक टेरी बोगार्ड ही लढत पडद्यावर पाहून अंगावर काटा आला होता. २०२४ मध्ये टेरी थेट स्ट्रीट फायटर ६ मध्ये आला, मागोमाग एसएनकेचीच माई शिरानुई. माझ्या मते हे सगळ्यात अस्सल मीलन. मार्व्हलचा भपका मोठा, पण इथे प्रतिस्पर्ध्याची कला मान्य केलेली दिसते.

याउलट २०१२ चा स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन, म्हणजे टेक्केन या दुसऱ्या कंपनीच्या मारामारीच्या खेळाबरोबरचा सामना. बारा पात्रं डिस्कवर आधीच होती आणि त्यांचे पैसे वेगळे लावले. खेळ चांगला असूनही लोकांचं मन त्यावरून उतरलं, आणि ते योग्यच होतं.

कोथरूडकर_शिकारी
माझी पिढी पार्लरनंतरची. मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये २०१८ ला फायनल फँटसी १४ या दुसऱ्या कंपनीच्या खेळातला बेहेमोथ हा राक्षस आला. तो उल्का पाडतो, आणि आधी पडलेल्या दगडाआड लपलात तरच वाचता. म्हणजे फक्त राक्षस आणला नाही, त्या दुसऱ्या खेळाची लढायची रीतच आणली. आम्ही चौघं मित्र, चार शहरांत, रात्ररात्र "दगड कुठाय, दगड!" म्हणून ओरडत बसायचो. पुढच्या वर्षी विचर या खेळाचा नायक गेराल्ट आला, तर तो त्याच्या पद्धतीने बोलतो, काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं, आणि त्याच्या इग्नी या मंत्राने आग लावता येते. धागाकर्त्यांचं स्वभाव जपण्याचं म्हणणं इथे शंभर टक्के पटतं.

नानिवा
मी ओसाकातच राहते. इथे भरलेल्या २०२५ च्या एक्स्पोमध्ये, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, ओसाका हेल्थकेअर पॅव्हिलियनात मॉन्स्टर हंटर ब्रिज होता, चहूबाजूंनी पडदा आणि पायाखाली थरथरणारी जमीन. माझ्या मुलाला तिथून हलवता हलवेना. आपल्या शहराची कंपनी म्हणून इथल्या लोकांना तिचं कौतुक आहे, शिन्साइबाशीच्या कॅपकॉम स्टोअरमध्ये आजीआजोबाही नातवंडांना घेऊन येतात.

डोंबिवलीफास्ट
मीराताई, तुमचा ड्रीमकास्ट चालत नसला तर एक सांगतो. दुसऱ्यांची पात्रं वापरायच्या परवान्यांमुळे हे खेळ मधेच गायब होतात. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ चं प्लेस्टेशन ३ वरचं रूप २०१३ च्या अखेरीस विक्रीतून गेलं आणि पुढची दहा वर्षं कन्सोलसाठी तो सरळ मार्गाने घ्यायची सोयच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्व्हलबरोबरचे सात जुने खेळ एका संचात एकत्र आलेत, निळीशाईंचा पनिशरही त्यात आहे. छप्पन्नच्या छप्पन्न पात्रं पहिल्यापासून खुली. भावंडं लांब असतील तर ऑनलाइन खेळता येतं.

मडगांवची_मीरा
धाकटा न्यू जर्सीला असतो. आजच कळवते. धालसिम त्याचा, स्टॉर्म माझी.