एक्सटीच्या मेमरी कार्डासाठी ४१६४ कुठला घ्यावा?

खाडीकाठ (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. आयबीएम एक्सटी (जुना पीसी), मदरबोर्डवर २५६ के मेमरी, वर ३८४ केचं कार्ड. कार्डावर ४१६४ या मेमरी आयसीच्या (चिपच्या) सहा रांगा, रांगेत नऊ. मेमरीची मोजणी ३२० केवर अडकते आणि ‘५०००० ०४ २०१’ हा मेमरीचा एरर येतो. आयसींवर शेवटी -१५ आहे. -२०, -१२ आणि ४१२५६ (जास्त क्षमतेचा आयसी) मिळतायत. काय घेऊ? सगळे ५४ बदलावे का?

माडबाग
सगळे अजिबात नको, एररनेच आयसी दाखवलाय. कार्डाची मेमरी ४०००० या हेक्स पत्त्यापासून (२५६ के) सुरू होते, एक रांग ६४ केची, म्हणून ५ म्हणजे दुसरी रांग. मधला आकडा बिट सांगतो: ०१, ०२, ०४, ०८ हे बिट ०, १, २, ३; तुमचा बिट २. (०० असतं तर पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखायच्या जादा बिटाचा, नववा आयसी.) तिथे एफएफ (सगळेच बिट चूक) आलं तर मात्र आयसीमागे लागू नका, कार्डावरचे जंपर (सेटिंगच्या पिना) नाहीतर बफर (डेटा पुढे पाठवणारा आयसी) तपासा.

विकत घेण्याआधी वीज बंद करून त्याच रांगेतल्या बिट २ आणि बिट ३ च्या आयसींची अदलाबदल करा. आयसीवरची खाच आधी होती त्याच बाजूला. ०८ आलं तर आयसी गेलाय, ०४ च राहिलं तर सॉकेट किंवा ट्रॅक.

तांबळडेग
आकडा लहान तेवढा आयसी वेगवान: -२० म्हणजे २०० नॅनोसेकंद, -१२ म्हणजे १२०. मूळ ४.७७ मेगाहर्ट्झला २०० पुरतो, पण टर्बो (जास्त वेगाचा) बोर्ड असेल तर १५० किंवा १२० च घ्या. एका रांगेत १२० आणि १५० मिसळले तरी चालतं.

४१२५६ चालेल, एक काम करून. त्याची पिन १ ही जादा अ‍ॅड्रेस लाइन. ४१६४ च्या सॉकेटमध्ये ती लोंबकळत राहते आणि मेमरी कधी बरोबर, कधी चूक. तो पाय बाहेर वाकवून बारीक वायरने समोरच्या पिन १६ ला, म्हणजे ग्राउंडला जोडा.

४११६ दिसायला तसाच १६ पायांचा, पण त्याला १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात. तो घेऊ नका.

माडबाग
आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सॉकेटवर संशय आधी घ्यावा. आयसीचे पाय काळे पडलेले असतील तर वाकवू नका, खांद्यापाशी तुटतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आयसी दोन-तीनदा काढून-घालून बसवा. सॉकेटमधली पत्ती हिरवी झाली असेल तर सॉकेटच बदला: प्लॅस्टिक कापून एकेक पिन वेगळी गरम करून ओढा. अख्खं सॉकेट उपटलं की बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडून येतात.

खाडीकाठ (रत्नागिरी)
अदलाबदल केली. आता ‘५०००० ०८ २०१’.

तांबळडेग
मग आयसीच. -१५ चे दोन घ्या, एक शिल्लक ठेवा. सरळ सॉकेटमध्ये बसतो, पाय वाकवायची भानगड नाही. बसवल्यावर दोन तास मशीन चालू ठेवून मेमरी टेस्ट फिरवा. कमजोर आयसी गार असताना पास होतो, तापल्यावर चुकतो.