डिझेल गाडीतील डीईएफ यंत्रणेचे बिघाड : निदानाचे आणि दुरुस्तीचे अनुभव

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि अनेक डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची आणखी एक टाकी आली. तिच्यातील युरिया आणि पाण्याच्या द्रवाला कोणी डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणतात, कोणी ॲडब्लू, तर ट्रकचालक सरळ ‘युरिया’ म्हणतात. तो धुरात फवारला गेला की उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि एससीआर (धूर शुद्ध करणाऱ्या) उत्प्रेरकात हा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रोजन आणि पाणी तयार करतो. या साखळीत कोठेही खंड पडला की ‘इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ अशी उलटी मोजणी पडद्यावर सुरू होते, आणि त्या धास्तीने पुष्कळदा चांगला सुटा भाग बदलला जातो. आपल्या गाडीत दोष प्रत्यक्षात कोठे सापडला, स्कॅनरवर कोणता कोड आला होता आणि काय केल्यावर इशाऱ्याचा दिवा विझला, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुणे, ५८,००० किमी. कोड पी२०ईई, म्हणजे उत्प्रेरकाची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी. सर्व्हिस सेंटरने उत्प्रेरकामागचा नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारा) सेन्सर बदलला, मोठे बिल झाले आणि ४०० किमीनंतर दिवा पुन्हा लागला. त्यानंतर भोसरीतील एका मेकॅनिककडे गेलो. त्यांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवली आणि मग दोन्ही सेन्सरांचे आकडे शेजारीशेजारी पाहिले. उत्प्रेरकाच्या आधी ३०० पीपीएम (दशलक्षात ३०० भाग) आणि नंतर २६० पीपीएम, म्हणजे रूपांतर जवळजवळ होतच नव्हते आणि काढून टाकलेला जुना सेन्सर खरे तेच सांगत होता. मग त्यांनी डीईएफचा इंजेक्टर सायलेन्सरच्या नळीवरून उतरवला, मापाच्या भांड्यात धरला आणि स्कॅनरवरून फवारणीची चाचणी घेतली. ठरलेल्या मापाच्या निम्माही द्रव पडला नाही. पंपाचा दाब मात्र अपेक्षेप्रमाणे सुमारे ५ बार होता, त्यामुळे संशय इंजेक्टरवरच येऊन थांबला. त्याच्या टोकाला मिठासारखे पांढरे खडे जमले होते. युरियाचे हे खडे कोमट पाण्यात विरघळतात, त्यामुळे टोक भिजवून, कोणतेही टोकदार हत्यार न लावता ते स्वच्छ झाले. गॅस्केट मात्र नवे घातले. नंतर मागचा आकडा ४० पीपीएमच्या खाली आला. माझा रोजचा प्रवास जेमतेम ४ किमीचा आहे आणि एवढ्यात धूर पुरेसा तापत नाही, हे खडे जमण्याचे कारण त्यांनीच समजावून सांगितले. आता मी आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा तास गाडी नेतो.

नागपूर, ३४,००० किमी. कोड पी२०७एफ, म्हणजे द्रवाच्या दर्जाविषयी शंका. मी महामार्गावर सुटा डीईएफ घेतला होता. प्रमाण ३२.५ टक्के युरिया असे असायला हवे, पण रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातील प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) २४ टक्केच दिसले. टाकी रिकामी करून, शुद्ध विआयनीकृत (क्षार काढलेल्या) पाण्याने धुऊन, सीलबंद कॅनमधील द्रव भरला आणि दोष गेला. येथे एक सावधगिरी आवर्जून सांगतो. हे उपकरण फक्त प्रमाण दाखवते, त्यामुळे नळाच्या पाण्यात योग्य मापाने कालवलेला युरियाही त्यावर उत्तीर्ण होईल आणि त्यातील क्षार नंतर उत्प्रेरक खराब करतील. शिवाय आमच्याकडच्या उन्हाळ्यात कॅन माळ्यावर ठेवू नयेत. सतत ३५ अंशांत ठेवलेला द्रव सुमारे ६ महिनेच टिकतो, तर २५ अंशांत तो दीड वर्ष टिकतो.

कोल्हापूर. माझ्या गाडीत बिघाड नव्हताच. मी २ लिटर डीईएफ भरले आणि मोजणी थांबली नाही म्हणून घाबरलो. माहितीपुस्तिकेत एका वेळी किमान ५ लिटर भरण्याची सूचना होती. तेवढे भरून काही किलोमीटर चालवल्यावर संदेश गेला.

नाशिक. पंपावरील मुलाने नरसाळे लावून डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत ओतले. डीईएफच्या टाकीचे तोंड अरुंद असल्यामुळे डिझेलचे नोझल त्यात सहसा जात नाही, परंतु उलट चूक कॅनमुळे सहज होते. सुदैवाने मी चावी फिरवली नाही. गाडी उचलून नेली, टाकी उतरवून धुतली आणि फिल्टर बदलला. इंजिन एकदा जरी सुरू केले असते, तरी तो द्रव उच्चदाबाच्या पंपापर्यंत आणि इंजेक्टरांपर्यंत पोहोचला असता.

एडमंटन, कॅनडा. येथे दोष फक्त हिवाळ्यात उगवत असे आणि उन्हाळ्यात आपोआप नाहीसा होत असे. डीईएफ उणे ११ अंशांना गोठते. गोठले तरी गाडी सुरू होते, कारण टाकीतील हीटर ते वितळवतो, पण माझा हीटरच निकामी झाला होता. आधी फ्यूज आणि वायरिंग तपासले, मग कनेक्टरवर रोध मोजला, तेव्हा हीटरचे विद्युत मंडल (सर्किट) तुटलेले निघाले. हीटर, पंप आणि पातळीचा सेन्सर एकाच जोडणीत असल्याने ती संपूर्ण जोडणी बदलावी लागली.

चिपळूण, गॅरेजचालक. वरील अनुभवांत कनेक्टरचा उल्लेख आला, म्हणून लिहितो. गळणारे डीईएफ तांब्याच्या तारेतून आतल्या आत झिरपत दूरच्या जोडापर्यंत पोहोचते. त्यामुळे सेन्सरचा कोड आला की मी आधी कनेक्टर उघडून त्यात हिरवट किंवा पांढरा थर आहे का, हे पाहतो. दुसरे म्हणजे, इंजिन बंद केल्यावर अनेक गाड्यांत पंप थोडा वेळ उलटा चालून नळीतील द्रव टाकीत ओढून घेतो. तो आवाज थांबण्याआधी बॅटरीची तार काढली तर द्रव नळीतच राहून सुकतो, आणि बॅटरी बदलून गेलेली गाडी महिन्याभरात दाबाच्या तक्रारीसह माझ्याकडे परत आलेली मी दोनदा पाहिली आहे.