सीक्रेट की : गुप्त किल्ली की गोपनीय किल्ली?

शंकासुर : एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. ‘सीक्रेट की’, म्हणजे सॉफ्टवेअर वापरतं ती लपवून ठेवायची अक्षरमाळ, तिला मी ‘गुप्त किल्ली’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘गोपनीय’ केलं. अर्थामध्ये काही फरक पडतो का? आणि ‘कॉन्फिगरेशन’ला ‘विन्यास’ चालेल?

धातुपाठी : दोन्ही शब्द ‘गुप्’ या एकाच धातूचे. गुप्त म्हणजे लपलेले. गोपनीय म्हणजे लपवून ठेवायला हवे असे. पहिला स्थिती सांगतो, दुसरा जबाबदारी. तुमच्या विषयात हा फरक चांगलाच कामाला येतो. समजा, डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिला आणि तो कोड गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कुणालाही पाहता येणाऱ्या साठ्यात, गेला. आता तो गोपनीय आहे, पण गुप्त नाही! पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. अशा वेळी आधी नवा पासवर्ड घ्यायचा, जुना रद्द करायचा. इतिहास साफ करणे नंतर.

अर्धविराम : माझंही मत गोपनीयला. गुप्तहेर, गुप्तधन यांत ती गोष्ट आहे हेच कुणाला कळू द्यायचं नसतं. इथे तसं नाही. प्रकल्पासोबत ‘डॉट ईएनव्ही’ची (सेटिंग्ज आणि किल्ल्या ठेवायची फाइल) नमुना फाइल देतात, तिच्यात किल्लीचं नाव उघड असतं, मूल्य रिकामं. खरी फाइल मात्र गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत.

तिरकस : मग गुप्त मतदानाचं काय करायचं? मतदान चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक, मत कुणाला दिलं तेवढंच झाकलेलं. मला तरी ‘गुप्त किल्ली’ खटकत नाही.

धातुपाठी : मान्य. तेवढ्यापुरता अर्धविराम यांचा मुद्दा पडतो.

टर्मिनल : दोन्हींपैकी काहीही घ्या, फक्त ‘खाजगी किल्ली’ लिहू नका. ती ‘प्रायव्हेट की’, तिला सार्वजनिक किल्लीची जोड असते. जँगोची (वेबसाइट बनवायची पायथन चौकट) ‘सीक्रेट की’ एकटीच असते. सेशन (लॉगिन टिकवणारी नोंद), पासवर्ड बदलण्याच्या लिंका यांवर सही करायला ती वापरतात. ‘कळ’ कीबोर्डला राहू दे.

‘विन्यास’ कुणी बोलत नाही; ‘सेटिंग्ज’ किंवा ‘कॉन्फिग’ लिहा. पण पुस्तिकेत सेटिंग्ज आणि गोपनीय मूल्यं यांची प्रकरणं वेगळी ठेवा. पोर्ट क्रमांक, लॉगची पातळी बाहेर कळली तरी सहसा बिघडत नाही. कशाबद्दल शंका असेल तर विचारायचं : हे उद्या फुटलं तर बदलावं लागेल का? लागणार असेल तर ते गोपनीय.

शंकासुर : ‘गोपनीय किल्ली’ ठरवतो. कुबरनेटिसच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली) ‘सीक्रेट’मधली मूल्यं बेस६४मध्ये दिसतात, त्यांना ‘कूटबद्ध’ (एन्क्रिप्टेड) म्हणू?

टर्मिनल : अजिबात नको! बेस६४ हे नुसतं रूपांतर, कुणीही किल्लीशिवाय उलटवू शकतो. ‘बेस६४मध्ये लिहिलेली’ एवढंच म्हणा, आणि शेजारी ठळक इशारा द्या.