जिनिंगमधील कमी मजुरी आणि सीडॉ करार : कायद्यात आधार मिळेल का?

प्रश्न : वाघूरकाठ, जळगाव जिल्हा
आमच्या तालुक्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, कापसातून कवडी (खराब, न फुललेला कापूस), पालापाचोळा आणि सुतळीचे धागे वेचून काढण्याचे काम बायकाच करतात, तर पुरुष तोच कापूस यंत्राकडे लोटतात. पाळी एकच, धूळही तीच. तरी बायकांची रोजंदारी कमी आहे आणि विचारले की "काम वेगळे आहे" एवढेच उत्तर मिळते. भारताने १९९३ मध्ये मंजूर केलेल्या सीडॉ कराराच्या (स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार) कलम ११ मध्ये समान मूल्याच्या कामासाठी समान मोबदल्याचा हक्क दिला आहे. त्या आधारे दाद मागता येईल का?

उत्तर : वकील, धुळे
ताई, केवळ करारावर दावा उभा राहत नाही, कारण संसदेने कायदा केल्याशिवाय आंतरराष्ट्रीय करारातील हक्क आपल्या न्यायालयांत थेट बजावता येत नाहीत. मात्र देशातील कायद्याचा अर्थ लावताना करार फार उपयोगी पडतो. १९९७ च्या विशाखा निकालाच्या वेळी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आपल्याला त्याहून जवळचा निकाल २००० सालचा आहे. दिल्ली महानगरपालिकेने हजेरीपटावरील मजूर स्त्रियांना प्रसूतीचे लाभ नाकारले होते. तेव्हा सीडॉच्या कलम ११ मधील तत्त्वे त्यांच्या सेवाकरारातच अंतर्भूत आहेत असे मानावे, असे न्यायालयाने म्हटले. रोजंदारीवर राबणाऱ्या बायकांचेच ते प्रकरण असल्याने अर्जात ते अवश्य नमूद करावे.

उत्तर : कामगार कायद्याची अभ्यासक, जळगाव
वरील मताशी सहमत आहे, पण खरी अडचण शब्दरचनेत आहे. सीडॉ आणि भारताने १९५८ मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १०० हे दोन्ही "समान मूल्याच्या" कामाबद्दल बोलतात. आपली वेतन संहिता, २०१९ मात्र १९७६ च्या समान वेतन कायद्याप्रमाणेच "तेच किंवा समान स्वरूपाचे काम" एवढ्यावर थांबते. ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते, कारण जिथे कामेच बाई-पुरुष अशी वाटून दिलेली असतात, तिथे तुलनेला पुरुष सापडतच नाही.
तरीही कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांतील फरक व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर काम समान स्वरूपाचे धरावे, असे संहितेची व्याख्या सांगते. म्हणून वेचणीची तुलना गाठी उचलणाऱ्या हमालाशी न करता कापूस लोटणाऱ्या मजुराशी करावी. वेचणाऱ्या बाईची नजर चुकली तर सुतळीचा धागा रुईत जातो आणि गाठीचा भाव पडतो; ही जबाबदारी अर्जात सविस्तर मांडावी.

उत्तर : संघटक, नंदुरबार
आमच्याकडे मिरचीच्या पथारीवर (मिरची वाळवण्याच्या जागेवर) देठ खुडणाऱ्या बायकांच्या बाबतीत मालक नेहमी मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाने पैसे दिले नाहीत तर संहितेनुसार ती जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते, त्यामुळे अर्जात दोघांनाही पक्षकार करावे. दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, आणि नोंदणीकृत कामगार संघटनेलाही तो करता येत असल्याने एकट्या बाईला पुढे उभे करण्याची गरज नाही. मुकादमाच्या वहीतील हजेरी आणि मजुरीच्या पानांची छायाचित्रे आताच काढून ठेवा. शिवाय पुरुषांची मजुरी घटवून बरोबरी साधण्यास संहितेचे कलम ३ मनाई करते, हे तेथील पुरुष मजुरांना अर्ज करण्यापूर्वीच समजावून सांगा, म्हणजे ते साक्ष द्यायला कचरणार नाहीत.